गेलेल्या पुस्तकांचे वारस

आमच्या घरात संशय हा गुण समजला जात असे. वडील आबकारी खात्यात होते आणि खात्याची सवय त्यांनी घरी आणली होती. बाजारातून आलेली भाजी ते घरच्या तराजूवर पुन्हा तोलत. पोस्टाने आलेलं पाकीट फोडण्याआधी उजेडाकडे धरून बघत. आई म्हणे, "यांना प्रत्यक्ष देवाने प्रसाद दिला तरी हे आधी हुंगतील." भावंडांपैकी हा गुण पुरेपूर माझ्यात उतरला, आणि मला त्याचा फार अभिमान होता. आपल्याला कुणी फसवू शकत नाही, असं मला वयाच्या तेविसाव्या वर्षी ठामपणे वाटत होतं.

त्याच वर्षी मला लायब्ररीत नोकरी लागली. मध्य प्रदेश होऊन थोडीच वर्षं झाली होती. राजधानी भोपाळला गेली याचा राग इंदूरच्या मराठी घरांतून अजून निवला नव्हता, पण अर्ज मात्र सगळे भोपाळलाच करत होते. आमच्या लायब्ररीनेही केला होता. बडा गणपतीच्या पुढच्या एका गल्लीत ही लायब्ररी होती. संस्थानच्या काळात मराठी मंडळींनी सुरू केलेली, खाली वाचनाचा हॉल, वर पुस्तकांची कपाटं आणि मागे दोन खोल्या. भोपाळहून उत्तर आलं की मदत मिळेल, पण आधी प्रत्येक पुस्तकाचं सत्यापन करून यादी पाठवा. पुस्तक आलं कधी, आज आहे कुठे, आणि नसेल तर गेलं कसं, याचा हिशेब लागला पाहिजे. मी बाहेरगावी राहून लायब्ररीचा सर्टिफिकेट कोर्स केला होता. समितीचे अध्यक्ष वकील होते, वडिलांच्या ओळखीचे. त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "बेटा, हे काम डोळ्यांत तेल घालून करायचं."

डोळ्यांत तेल घालून मी जन्माला आलेच होते.

लायब्ररीत आधीपासून जे गृहस्थ होते त्यांना सगळे काका म्हणत. अठ्ठावीस-तीस वर्षं ते तिथे होते. पुस्तक दाखल करणं, कार्ड लिहिणं, वाचकाला काढून देणं, फाटलं तर शिवणं, सगळं तेच करत. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, आणि अक्षर असं की छापल्यासारखं. मार्चअखेर ते रिटायर होणार होते. समितीने दोन गोष्टी ठरवल्या होत्या: काकांचा सत्कार करायचा, आणि मागच्या दोन खोल्यांत ते आणि काकू राहत होते त्या दोघांना जन्मभर तिथेच राहू द्यायचं. त्यांना मूलबाळ नव्हतं, दुसरं घर नव्हतं. फक्त सत्यापनाचा कागद स्वच्छ यायला हवा होता, आणि तो कागद लिहायचा होता मी.

पहिल्या दिवशी काकांनी मला खुर्ची पुसून दिली. "बसा बाई. आराम से बसा. आता तुम्ही आल्या, आम्ही मोकळे." मग ते आपल्या घराण्याबद्दल सांगू लागले. वडील संस्थानच्या पागेत होते, घोड्यांची हजेरी त्यांच्याकडे असे. "तीनशे घोडे, बाई. आणि एकेकाचं ठाण ठरलेलं. एक सुद्धा ठाण रिकामं नसायचं, समझे ना?" मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, म्हाताऱ्याला गोड बोलून गुंगवायचं आहे. मी चावी मागितली आणि वर गेले.

काम सरळ होतं. दाखल रजिस्टरात प्रत्येक पुस्तकाला एक नंबर. तोच नंबर कार्डावर, तोच पुस्तकाच्या पाठीवरच्या चिठ्ठीवर. तीनही जुळले की टिक मारायची आणि पुढे जायचं. पहिले दोन दिवस सगळं जुळत गेलं आणि मी खरं सांगायचं तर निराश झाले. तिसऱ्या दिवशी अकराशेच्या घरात पहिला घोळ सापडला. रजिस्टरात त्या नंबरावर काकांच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: घोड्यांचे रोग आणि उपचार, लिथो छपाई, सचित्र. मी कपाटातून त्या नंबराचं पुस्तक काढलं. ते मोटार दुरुस्तीचं निघालं. कार्डही मोटार दुरुस्तीचंच. म्हणजे पुस्तक बदललं होतं, कार्डही बदललं होतं, पण रजिस्टर तसंच होतं.

त्या क्षणी मला जो आनंद झाला तो लिहायला आज लाज वाटते.

त्यानंतर घोळ निघतच गेले. जुन्या सुईणींच्या औषधांच्या पुस्तकाच्या नंबरावर बालसंगोपनाचं नवं पुस्तक. संस्थानच्या दरबारी शिष्टाचाराच्या पुस्तकाच्या जागी नव्या राज्याचा शाळेतला भूगोल. एका जाड जुन्या कायद्याच्या ग्रंथाच्या जागी पातळशी पुस्तिका, 'नागरिकांचे हक्क' छापाची. जुनी पुस्तकं सगळी भारी, चित्रांची, चामडी बांधणीची. नवी सगळी स्वस्त. कुणी तरी भारी माल उचलून हलका माल ठेवत होतं आणि नंबर तोच राहावा याची काळजी घेत होतं. कपाटांच्या चाव्या एकाच माणसाकडे होत्या. मी माझ्या वहीत एक वेगळं पान केलं आणि वर लिहिलं, 'संशयित'. खाली एकच ओळ होती.

वडिलांना सांगितलं तेव्हा ते खूश झाले. "गोड बोलतो का?" त्यांनी विचारलं.

"फार."

"मग पक्का है. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत कडू बोलणारा एकही चोर पाहिला नाही."

आता मला काकांची प्रत्येक हालचाल दिसू लागली. त्यांच्या टेबलाखाली एक टिनाची ट्रंक होती आणि तिला कुलूप असे. शनिवारी हॉल बंद झाला की ते ट्रंकेतून एक लांबट वही काढून काही लिहीत. मी जिन्यावरून उतरले की वही मिटत. एकदा मी मुद्दाम चप्पल हातात घेऊन उतरले. त्यांनी वर पाहिलं, वही मिटली आणि म्हणाले, "पायाला काटा लागला का बाई?" मी हो म्हटलं. खोटं बोलताना मला जराही वाईट वाटलं नाही, कारण मी एका चोराशी बोलत होते.

संक्रांतीच्या दिवशी सकाळी मी एक जुनं पक्ष्यांचं पुस्तक घेऊन बसले. त्यात रंगीत चित्रं होती आणि शिवण सुटली होती. काका चित्रं कापून विकतात की काय, अशी मला शंका आली होती. म्हणून मी एकेक पान मोजत होते, नंबर ताडून बघत होते, आणि मोजून झालेली पानं खळ लावून पुन्हा जागच्या जागी बसवत होते, नाही तर हिशेब चुकला असता. तासभर गेला. पानं पूर्ण निघाली. वर पाहिलं तर काका दारात उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. ते पुढे आले, काकूंनी केलेले तिळाचे लाडू माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाले, "तिळगुळ घ्या बाई, गोड बोला." त्यांचा आवाज थोडा कापत होता. मी मनात म्हटलं, घाबरला. चोराच्या मनात चांदणं.

लाडू तोंडात टाकून मी दुपारी तडक रद्दीवाल्याकडे गेले. दोन गल्ल्या पलीकडे जुन्या पुस्तकांचं आणि कागदाचं दुकान होतं. मी त्याला विचारलं, लायब्ररीचे काका इथे पुस्तकं विकायला येतात का?

तो हसला. "क्या बात कर रिये हो बहनजी! बेचते काँ हैं? उल्टे ले जाते हैं. साल में आठ-दस किताब छाँट के ले जाते हैं, अपनी जेब से."

"कसली पुस्तकं?"

"जैसी मिल जाए. वो मोटर वाली बी यईं से ले गए थे."

झालं. माझ्या डोक्यात सगळी साखळी जुळली. रद्दीतून किरकोळ पुस्तक आणायचं, त्याला भारी पुस्तकाचा नंबर चिकटवायचा, आणि खरं पुस्तक बाहेर काढायचं. राहिला प्रश्न एवढाच, की खरं पुस्तक जातं कुठे.

त्याचं उत्तर लायब्ररीच्या चौकीदाराने दिलं. हा पन्नाशीचा माणूस परदेशीपुऱ्यात राहत असे. मिलमधून दमा लागून बाहेर पडलेला आणि आमच्याकडे दारावर बसलेला. मी त्याला सहज विचारल्यासारखं करून विचारलं, काका मोठी पिशवी घेऊन कधी बाहेर जातात का.

"जाते हैं ना. कोई-कोई अमावस को. सुबे की गाड़ी से. पूरा थैला भर के."

"आणि येताना?"

"आते में खाली. थैला तह करके बगल में." मग तो माझ्याकडे निरखून पाहू लागला. "काय को पूछ रए हो बहनजी?"

मी 'सहज' म्हटलं आणि वर गेले. आमचं घर स्नेहलतागंजमध्ये, स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर. पुढच्या अमावस्येला मी सकाळी लवकर उठून स्टेशनवर गेले आणि चहाच्या ठेल्याआड उभी राहिले. काका आले. खांद्यावर जाड खादीची पिशवी, एका बाजूला वाकलेले. खांडव्याच्या गाडीत चढले. पिशवीतून चामडी बांधणीचा एक कोपरा बाहेर आला होता, तो मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. खांडवा! तिथे इंदूरच्या लायब्ररीचा शिक्का कोण ओळखणार? त्याच गाडीत डबेच्या डबे भरून बायाबापड्या बसल्या होत्या, हातात तांब्या, टोपली, सुकी धोतरं. अमावस्येला त्या गाडीने अर्धं इंदूर नर्मदेवर आंघोळीला जातं, हे शहरातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मीही लहानपणी कितीदा गेले होते. पण मला त्या सकाळी ती माणसं दिसलीच नाहीत. मला फक्त पिशवी दिसत होती.

फेब्रुवारी गेला. मी यादी पूर्ण केली. दोनशे चौदा नंबरांना रजिस्टर आणि पुस्तक जुळत नव्हतं. मी प्रत्येकापुढे लाल शाईने 'मूळ पुस्तक गहाळ, अन्य पुस्तक बदली' असं लिहिलं. यादीच्या वर कोर्सात शिकलेला नियमही लिहिला: गेलेल्या पुस्तकाचा नंबर पुन्हा कुणाला द्यायचा नाही. शेवटी एक परिच्छेद जोडला, त्यात कुणाचं नाव नव्हतं. चाव्या कुणाकडे असतात, अमावस्येला भरलेली पिशवी कोण नेतं, आणि रद्दीच्या दुकानातून पुस्तकं कोण आणतं, एवढंच लिहिलं. तो परिच्छेद मी चार वेळा लिहून काढला. चौथ्यांदा तो इतका सफाईदार झाला की मी तो वडिलांना वाचून दाखवला.

या सगळ्या अडीच महिन्यांत काका रोज माझ्यापासून चार हातांवर बसलेले असत.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात समितीची बैठक झाली. वकीलसाहेबांनी माझा अहवाल मोठ्याने वाचला. वाचता वाचता त्यांचा आवाज हळू होत गेला. एक सभासद खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, "पहा! हम लोग सत्कार करने चले थे." काका दाराजवळच्या बाकावर बसले होते. वकीलसाहेबांनी त्यांच्याकडे न पाहता विचारलं, "काका, तुमचं काय म्हणणं आहे?"

काका उठले. टोपी सारखी केली. ते माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मला त्याचाच राग आला.

"बाईंनी रजिस्टर पाहिलं, कार्डं पाहिली, कपाटं पाहिली," ते म्हणाले. "मी वाट बघत होतो, आज विचारतील, उद्या विचारतील. विचारलं असतं तर सगळं सांगितलं असतं. आता इथे उभं राहून सांगायचं म्हणजे सफाई देणं झालं. ते माझ्याने होणार नाही, साहेब." त्यांनी कमरेचा चाव्यांचा जुडगा काढून टेबलावर ठेवला. "ट्रंकेची चावी यातच आहे."

आणि ते बाहेर गेले. कुणी त्यांना थांबवलं नाही. ठराव झाला: सत्कार रद्द, खोल्या आठ दिवसांत खाली कराव्या, पुस्तकांबाबत पुढील चौकशी नंतर. काकांनी आठ दिवस घेतले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी एका हातगाडीवर दोन बिछाने, भांडी आणि देव्हारा घालून ते आणि काकू निघून गेले. चौकीदाराने गाडी ढकलायला मदत केली. परत आल्यावर तो माझ्याशी बोलला नाही, त्या दिवशी नाही आणि पुढे कित्येक दिवस नाही.

ट्रंक मी त्याच दुपारी उघडली. उरलासुरला माल सापडेल अशी खात्री होती. आत होती सुई-दोऱ्याची डबी, खळीची वाटी, जुन्या चामड्याचे तुकडे, आणि ती लांबट वही. वहीच्या पहिल्या पानावर श्रीगणेशा आणि खाली लिहिलेलं, 'गेलेल्या पुस्तकांची हजेरी'. पुढे रकाने आखलेले: नंबर, पुस्तक, जाण्याची तिथी, कारण, विसर्जन, वारस.

मी पहिली ओळ वाचली. मग दुसरी. मग खुर्ची ओढून बसले.

घोड्यांचे रोग आणि उपचार. कारण: वाळवी, अर्ध्याहून अधिक पानं गेली. विसर्जन: नर्मदा, खेडीघाट, अमावस्या. वारस: मोटार दुरुस्ती, कारण आता शहरात घोडे राहिले नाहीत, त्याच घरांतली मुलं गॅरेजात आहेत.

सुईणींची औषधं. कारण: छपराचं पाणी. विसर्जन: नर्मदा. वारस: बालसंगोपन.

दरबारी शिष्टाचार. कारण: उंदीर. वारस: नव्या राज्याचा भूगोल; दरबार गेला, आता हे माहीत हवं.

दोनशे चौदाच्या दोनशे चौदा. मी माझी यादी शेजारी ठेवून एकेक नंबर ताडून पाहिला, कारण तेव्हाही माझा विश्वास बसत नव्हता. एकही सुटला नव्हता. कुठल्या पुस्तकाला किती टाके घातले, किती वेळा पुन्हा बांधलं, आणि शेवटी कोणत्या दिवशी ते उघडवेना, सगळं होतं. दर पाच-सहा पानांवर जुन्या सेक्रेटरींची सही होती, तेही आता हयात नव्हते. रजिस्टरात मात्र एकही रेघ मारलेली नव्हती. वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर त्याचंही कारण होतं: 'दरबारी रजिस्टरात खाडाखोड हा गुन्हा. आपल्या हातून होऊ नये.' संस्थान जाऊन वर्षं लोटली होती, पण हा माणूस ते भय आणि ती शिस्त सांभाळत बसला होता.

 मी धावत वकीलसाहेबांच्या घरी गेले. त्यांनी वही उलटीसुलटी पाहिली, चष्मा काढला आणि म्हणाले, "हे आधी का नाही पाहिलं?"  काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी चौकीदाराला विचारलं, रद्दीवाल्याला विचारलं, स्टेशनवर उभी राहिले, आणि ज्याला विचारायचं तो चार हातांवर बसला होता. चोराला कधी विचारतात का, एवढाच माझा विचार होता.

समिती पुन्हा बसली. ठराव मागे घेतला गेला. वकीलसाहेबांनी पत्र लिहिलं: झाल्या प्रकाराबद्दल समितीला खेद आहे, आपण खोल्यांत परत यावं. ते पत्र घेऊन कुणी तरी जायचं होतं. मी म्हटलं, मी जाते. चौकीदाराकडून पत्ता काढावा लागला. तो म्हणाला, "मेरी चाल में ही हैं. पीछे वाली कोठरी. काकी को मेरी घरवाली रोटी दे देती है." एवढं सांगून त्याने तोंड फिरवलं.

परदेशीपुऱ्यातल्या त्या चाळीत मिलचा भोंगा इतक्या जवळ वाजत होता की बोलणं थांबवावं लागे. काकांची खोली एवढीशी होती. काकूंनी मला बसायला पाट दिला आणि आत गेल्या, म्हणजे पडद्यामागे. मी पत्र पुढे केलं. मग वही पुढे केली. मग मला रडू आलं, आणि रडत रडत मी काय बोलले ते मला आठवत नाही. चुकलं, एवढं नक्की म्हटलं होतं.

काकांनी पत्र वाचलं. घडी घालून देव्हाऱ्यापाशी ठेवलं.

"एका गोष्टीत तुम्ही बरोबर होत्या, बाई," ते म्हणाले. "तुमच्या कोर्सात काय शिकवतात ते मला माहीत नाही. पण बैठकीत तुमची यादी ऐकून मी विचार केला. पागेत ठीक होतं. घोडा मेला की त्याच्या ठाणावर दुसरा बांधायचा, नंबर तोच. वडील म्हणायचे ठाण रिकामं ठेवू नये, अपशकुन होतो. मी तेच पुस्तकांना केलं. पण घोड्याला कुणी शोधत येत नाही. पुस्तकाला येतात. कुणी वीस साल बाद आला आणि घोड्यांचं पुस्तक मागितलं, तर त्याच्या हाती मोटार पडेल. गलती माझीच."

"तसं नका म्हणू. परत चला काका. खोल्या तशाच आहेत."

त्यांनी मान हलवली. भोंगा वाजला, ते थांबले, आणि मग थोडं हसले. त्या हसण्यात मला पहिल्यांदा बोच दिसली.

"तुमचाच नियम आहे ना बाई? गेलेला नंबर पुन्हा कुणाला द्यायचा नाही."

 मी वही त्यांच्याकडे सरकवली, ही तुमची, ठेवा. त्यांनी ती परत माझ्याकडे सरकवली. "ही लायब्ररीची. माझी काय को?" मग विचारलं, "पूर्ण वाचली?"

"हो. दोनशे चौदा. सगळे जुळले."

"म्हणजे नंबर जुळवले. शेवटचं पान?"

ते मी पाहिलं नव्हतं. माझी यादी संपली तिथे माझं वाचन संपलं होतं. मी तिथेच वही उघडली. मधली कोरी पानं उलटत अगदी शेवटच्या पानावर गेले. तिथेही तेच रकाने होते आणि एकच नोंद. नंबराच्या जागी काकांनी स्वतःचं पद लिहिलं होतं. जाण्याची तिथी: मार्चअखेर. कारण: वय. विसर्जनाच्या रकान्यात एक आडवी रेघ. वारसाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'नवीन बाई'. आणि खाली, त्याच छापील अक्षरात: 'आज संक्रांत. बाई पक्ष्यांचं फाटकं पुस्तक घेऊन बसल्या होत्या. एकेक पान मोजून, खळ लावून जागेवर बसवत होत्या. तासभर मान वर केली नाही. पुस्तकावर जीव आहे. ठाण रिकामं राहणार नाही.'

काका माझ्याकडे बघत होते. त्यांना वाटलं असावं की मी त्यांच्या चांगुलपणाने रडते आहे.

पुढे मी त्या लायब्ररीत एकतीस वर्षं काढली. पहिल्याच महिन्यात रजिस्टरात दोनशे चौदा नोंदींपुढे मी शेरा लिहिला, पुस्तक कधी आणि कशाने गेलं ते, काकांच्या वहीतून उतरवून. वारसांना नवे नंबर दिले. त्यानंतर एकही नंबर दुसऱ्यांदा दिला नाही. जाण्यायोग्य पुस्तकं अमावस्येला मी स्वतः खेडीघाटावर नेत असे, भरलेली पिशवी घेऊन, येताना रिकामी घडी काखेत. काका परदेशीपुऱ्यातच राहिले आणि तिथेच गेले. मी सणावारी जात असे, ते तिळगुळ देत आणि गोड बोलत.

ती पानं मी का मोजत होते, हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही.